कॅलेंडरच्या मागच्या पानाबद्दल आभार

आदरणीय डॉक्टरबाई,
सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात माझ्या थोरल्या भावाला, वयाच्या ७३व्या वर्षी, प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा दीड वर्षातला तो आमच्या वाडीतला तिसरा रुग्ण होता. कोणी विहिरीच्या पाण्याला दोष दिला, कोणी आंब्यावरच्या फवारणीला, आणि एका घरातून देवळात गाऱ्हाणे घालण्याचीही गोष्ट निघाली. ‘हे आताच का वाढले?’ असे मी आपल्याला विचारले, तेव्हा आपण औषध कंपनीच्या कॅलेंडरचे मागचे कोरे पान माझ्यापुढे सरकवलेत आणि आमच्या घरातील पुरुष किती वर्षे जगले ते लिहायला सांगितलेत.

आजोबा ५१, चुलत आजोबा ४४ (तापाने), वडील ६६. आणि आम्ही तिघे भाऊ ७३, ६९ व ६४, तिघेही हयात. लिहिता लिहिताच माझ्या ध्यानात आले की हा प्रामुख्याने साठीनंतरचा आजार, आणि त्याने गाठावे इतके आयुष्य आमच्या मागच्या पिढ्यांना फारसे लाभलेच नव्हते.

दुसरे कारण आपण सांगितलेत ते शोधण्याचे. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या फायलींत आता पीएसए या प्रोस्टेटसाठीच्या रक्तचाचणीचा आकडा असतो. पूर्वी तो कोण पाहत होते? अमेरिकेत ही रक्तचाचणी रूढ झाली, तेव्हा १९९०च्या दशकाच्या आरंभी नव्या निदानांची संख्या एकदम उसळली व मग उतरली, हेही आपण सांगितलेत. शोधले की कधीच त्रास न देणारे, संथ कर्करोगही सापडतात आणि साधी ग्रंथीवाढ किंवा जंतुसंसर्ग असला तरी आकडा चढतो, हे आपण लपवले नाहीत, याचे मला विशेष वाटते. वाढलेले वजन आणि बैठे जीवन यांचाही आपण उल्लेख केलात, पण सारा दोष त्यांच्या माथी मारला नाहीत. पुढे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०२४चा अंदाज माझ्या वाचनात आला: जगात २०२० साली सुमारे १४ लाख असलेले नवे रुग्ण २०४० पर्यंत वर्षाला २९ लाखांवर जातील आणि केवळ जीवनशैली बदलून ही वाढ रोखता येणार नाही. मला ते वाचून भय वाटले नाही, कारण त्यामागचा हिशेब मी आमच्याच घराच्या आकड्यांत पाहिला होता.

दादा रात्री चार-चार वेळा लघवीला उठत, कंबर धरून बसत. दुसऱ्या ठिकाणी त्यांना ‘वयाचे दुखणे’ म्हणून मलम देऊन परत पाठवले होते. आपण मात्र पडवीत बसून, सुनेला चहा करायला आत पाठवून, त्यांना लघवीची धार, अडखळणे, रक्त, सारे निःसंकोच विचारलेत. ते प्रश्न त्यांना एका बाईने विचारावेत, याचा त्यांना आधी राग आला होता. आता दर तीन महिन्यांनी हार्मोनचे इंजेक्शन घ्यायला ते स्वतःहून निघतात.

सख्ख्या भावाला हा आजार असल्यास धोका सुमारे दुपटीचा असतो, म्हणून आपण मलाही तपासलेत. माझा आकडा ठीक निघाला. पुण्याचा मधला भाऊ मात्र चालढकल करीत होता. तो गणपतीत आला, तेव्हा मी ते पान त्याच्यापुढे ठेवले. दिवाळीत आल्यावर त्याने ६९च्या शेजारी आपला पीएसए स्वतःच्या हाताने लिहिला.

आपला नम्र,
गुहागर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक