आधी मोजा, मग टोचा

संपादक महोदय,

‘मुलाची वाढ कमी आहे, शिश्न लहान दिसतं, हार्मोनचं इंजेक्शन द्या’ असा आग्रह धरणारे पालक वाढले आहेत आणि तो पुरवणारे दवाखानेही. दहा-बारा वर्षांची ही मुलं बहुतेकदा अंगानं भरलेली असतात. शिश्न लहान नसतं, ओटीपोटाखालच्या चरबीत बुडालेलं असतं. डॉक्टरांनी पट्टी हाडापर्यंत दाबून मोजलं की लांबी वयाला साजेशी निघते. अशा मुलाला वजन आटोक्यात आणायला हवं, इंजेक्शन नव्हे.

खरं तर पाहायचं असतं ते वृषणांकडे. मुलगा वयात येऊ लागल्याची पहिली खूण म्हणजे वृषणाचं आकारमान ४ मिलि होणं. हे ९ ते १४ या वयात केव्हाही घडतं. शिश्नाची वाढ, आवाज फुटणं, मिसरूड हे सगळं त्यामागून येतं. मोजायला ऑर्किडोमीटर लागतो: १ ते २५ मिलि आकाराच्या मण्यांची माळ. इतकं साधं साधन, पण किती दवाखान्यांत असतं?

चौदा पूर्ण झाली आणि ४ मिलिचा मणी अजून दूरच असेल, तर तपासण्या कराव्यात. त्याआधी वडिलांना विचारावं, तुमची उंची दहावीनंतर वाढली का? उत्तर ‘हो’ आलं तर बहुधा घराण्याचीच ही ठेवण असते. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं. सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं टेस्टोस्टेरॉन (पुरुष हार्मोन) तपासावं, तसंच एलएच व एफएसएच, म्हणजे वृषणांना चालना देणारी पिट्युटरी ग्रंथीची हार्मोन्स. जोडीला थायरॉइड व हिमोग्लोबिन. एफएसएच बरंच वाढलेलं असेल तर दोष वृषणातच, मग गुणसूत्रांची तपासणी. मुलाला वास येत नसेल तर कालमन सिंड्रोमचा (वास न येणं आणि वयात न येणं एकत्र असणाऱ्या जन्मजात विकाराचा) संशय घ्यावा. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक आजार) विसरून चालणार नाही. हा आजार असलेली मुलंही उशिरा वयात येतात.

उपचार लागलाच तर टेस्टोस्टेरॉन ५० ते १०० मिग्रॅ महिन्यातून एकदा, ३ ते ६ महिने, मग थांबून पाहायचं. या इंजेक्शननं वृषण वाढत नाहीत. म्हणूनच नंतर ते वाढले, तर शरीरानं स्वतः काम हाती घेतलं असं समजावं. लवकर किंवा जास्त दिलं तर हाडांची टोकं अकाली मिटतात. मुलगा वर्षभर वर्गात उंच दिसतो आणि मोठेपणी बुटका राहतो.

वृषण खाली उतरलेच नसतील तर मात्र वयात येण्याची वाट पाहू नये. शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत व्हायला हवी.

उंची वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं बंदी आहे. तरीही छोट्या जाहिरातींत त्या छापून येतात, शेजारीच ‘लिंगवर्धक’ तेलं. जाहिरात विभागानं त्या घेऊ नयेत, एवढी विनंती.

— मुलांच्या हार्मोन विकारांवर उपचार करणारे काही डॉक्टर, पुणे