ड्रम कोअर बघायला शिकवलंत, त्याबद्दल काकांना पत्र

काका, सादर नमस्कार,

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "ते राहू दे, मरिम्बा कसा चाललाय ते सांग" म्हणता (मरिम्बा म्हणजे लाकडी पट्ट्यांचं मोठं वाद्य, माझी लेक वाजवते ते), म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय. आपल्याकडच्या बऱ्याच घरातली मुलं सध्या हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये आहेत, त्यातली दोघंतिघं ड्रम कोअरच्या ऑडिशनचं बोलायला लागलीत आणि त्यांचे आईबाबा मला जे प्रश्न विचारतात ते सगळे मी तुम्हाला विचारून झालेले आहेत, तर त्यांनीही हे वाचावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ड्रम कोअर म्हणजे मैदानावर चालत वाजवणारी टीम: फक्त ब्रास म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, ड्रम्स आणि बाकीची परकशन म्हणजे ठोकून वाजवायची वाद्यं, आणि झेंडे-रायफली फिरवणारं कलर गार्ड. क्लॅरिनेट बासरी काही नाही. 22 वर्षांपर्यंतची दीडशेच्या आसपास मुलं अख्खा उन्हाळा बसने अमेरिकाभर फिरतात, फुटबॉलच्या मैदानावर दहाबारा मिनिटांचा एकच शो रोज घासूनपुसून सादर करतात आणि ऑगस्टमध्ये डीसीआयची, म्हणजे या स्पर्धा भरवणाऱ्या ड्रम कोअर इंटरनॅशनलची फायनल होते, 2009 पासून ती आपल्या इंडियानापोलिसला लुकास ऑइल स्टेडियममध्येच असते.

आता मुद्द्याचं. मी पुण्यात पथकात ढोल वाजवलेली मुलगी, कमरेला ढोल बांधायचा आणि दंडात ताकद असेल तेवढा आवाज काढायचा एवढंच मला माहीत. त्यामुळे इथे पहिल्यांदा स्टेडियममध्ये माईक, स्पीकर, मैदानात ठेवलेले मोठमोठे रॅम्प, चमचमते टाइट कॉस्च्युम, डोक्यावर टोपी नाही, मधेच कोणीतरी गातंय, कोणी जमिनीवर लोळतंय हे बघून मी तुम्हाला म्हटलं होतं की काका, हे काय चाललंय, संचलन कुठाय यात? मला वाटलं तुम्ही जुने जाणते, मॅडिसनला शिकायला आलात तेव्हापासूनचे फॅन, तुम्ही नक्की म्हणाल की हो गं, पूर्वीसारखं राहिलं नाही आता. तुम्ही तसं काहीच म्हणाला नाहीत, म्हणालात की रविवारी घरी ये आणि ओळीने बघू.

तो "ओळीने" फार महत्त्वाचा होता हे मला आता कळतंय. 1972 ला व्हाइटवॉटरला डीसीआयची पहिली चॅम्पियनशिप झाली, अनाहाइम किंग्समन जिंकले, तिथपासून सुरुवात केलीत. त्या काळात जजेस हातात क्लिपबोर्ड घेऊन पोरांच्या मधून फिरायचे आणि दिसेल त्या चुकीला एक टिक, म्हणजे एक दशांश मार्क कट. आणि तुम्ही थांबवून विचारलंत की प्रत्येक चुकीला मार्क जाणार असतील तर तू शो कसा बसवशील? मी म्हटलं, सोपा बसवेन, जे शंभर टक्के स्वच्छ येईल तेवढंच ठेवेन. बस, म्हणालात, म्हणून त्या रांगा सरळ होत्या. पोरांना वेगळं काही सुचत नव्हतं म्हणून नाही. 1984 ला टिक पद्धत गेली आणि चुका मोजण्याऐवजी काय रचलंय, किती अवघड आहे आणि ते कसं पोचतंय याला मार्क मिळायला लागले. आता शंभरातले चाळीस मार्क जनरल इफेक्टचे असतात, म्हणजे शो एकूण म्हणून किती भिडला त्याचे, मग डिझायनर लोक रंगमंचाकडे वळणार नाहीत तर काय!

मग गारफील्ड कॅडेट्स दाखवलेत, 1983, 84, 85 असे सलग तीन वेळा जिंकलेले, आणि त्यांच्या जॉर्ज झिंगालीचं ड्रिल, म्हणजे मुलांनी चालत मैदानावर आकार करायची आखणी. सरळ रांगा आणि दोन्ही बाजू सारख्या हे सगळं मोडून वळणावळणाचे आकार, एक आकार पूर्ण दिसतोय तोवर तो वितळून दुसरा तयार. तुम्ही तो भाग परत परत लावत होतात आणि मला दर वेळी वेगळीकडे बघायला सांगत होतात, एकदा फक्त कडेची मुलं बघ, एकदा फक्त मधली. आजही मी तशीच बघते.

आणि 1993. स्टार ऑफ इंडियाना, तुमची घरची टीम. बार्टोक आणि बार्बरचं संगीत, टाळ्यांसाठी मुद्दाम ठेवलेल्या जागा जवळजवळ नाहीत, वादक स्वतःच शरीराने अभिनय करतायत. काही प्रेक्षकांनी तेव्हा हुर्यो उडवली, फायनलला कॅडेट्स 97.4 आणि स्टार 97.3, एका दशांशाने गेलं. त्यानंतर स्टारने स्पर्धाच सोडली, थिएटरकडे गेले आणि त्यातून पुढे 'ब्लास्ट!' झालं ज्याला 2001 चं टोनी, म्हणजे ब्रॉडवेच्या नाटकांचं मोठं अवॉर्ड मिळालं. हे सांगताना तुमचा आवाज अजूनही चढतो. आज मैदानावर प्रत्येक टीम जे अंगाने करते त्यातलं किती त्या वर्षी आधीच होतं हे तुम्ही शेजारी बसून बोट ठेवून दाखवलंत म्हणून दिसलं, नाहीतर मला ते नुसतं विचित्रच वाटलं असतं.

पण खरे आभार मानायचेत ते माईकच्या गोष्टीसाठी.

2004 ला माईक आले, 2009 ला सिंथेसायझर. पथकातल्या माणसाला माईक म्हणजे फसवणूक वाटते, मी तेच बोलत होते. तेव्हा तुम्ही मला लेकीवरून समजावलंत. म्हणालात, सत्तरच्या दशकात टिंपनी, म्हणजे ते मोठे हंड्यासारखे ड्रम, तेसुद्धा गळ्यात अडकवून चालायचे, एकेकाकडे एकेक. 1982 ला नियम बदलला आणि मैदानाच्या पुढे जमिनीवर वाद्यं मांडायची परवानगी मिळाली, तो नियम नसता तर तुझ्या मुलीला या सगळ्यात जागाच नव्हती, चार मॅलेट, म्हणजे वाजवायच्या काठ्या घेऊन मरिम्बा वाजवणारी पोर कोणाच्या खांद्यावर बसवणार होतीस? आणि माईक यायच्या आधी त्या पोरांना एवढ्या ब्रासमधून ऐकू जायचं म्हणून कडक मॅलेट घेऊन अक्षरशः बडवायला लागायचं, मऊ मॅलेट, हळू रोल, लाकडाचा खरा आवाज हे सगळं माईकमुळे शक्य झालं. मग एका रिहर्सलला मला अगदी पुढे नेऊन उभं केलंत, स्पीकर बंद असताना एकदा आणि चालू असताना एकदा. त्या दिवसानंतर माईकबद्दल मी वाद घातलेला नाही.

सिंथेसायझरबद्दल मात्र घालणार काका. खालून तो बास सोडतात ना, त्यात ट्युबा पूर्ण बुडतात, दहाबारा पोरं जीव तोडून फुंकतायत आणि ऐकू येतंय यंत्र, हे मला पटत नाही आणि पटेल असं वाटतही नाही. तुम्ही म्हणता वापर कसा करतो त्यावर आहे आणि ब्लूकोट्स या टीमचा 2014 चा शो लावून दाखवता, तो सगळा आवाज घसरत खाली जातो तो क्षण. तो क्षण मलाही आवडतो, मान्य. बाकीच्यांचं काय? आणि जी की (G पट्टी) मधल्या जुन्या ब्युगलचा तो खडा, जरासा फाटका आवाज, 2000 ला कुठल्याही की मधली ब्रास चालायला लागल्यापासून गेलाच तो. आताचा आवाज जास्त सुरेल आहे, पण तुमच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ब्रास एकदम उघडतो तेव्हा अंगावर काटा येतो तसा आता क्वचितच येतो. गंमत म्हणजे हे मी म्हणते आणि तुम्ही, ज्यांनी ते प्रत्यक्ष ऐकलंय, तुम्ही म्हणता की पोरांना सुरात वाजवायला चांगलं वाद्य मिळालं हे किती छान झालं.

लेकीला पाठवायचं की नाही यावर आमच्याकडे जे दोन महिने चाललं होतं ते तुम्हाला माहीतच आहे. फी काही हजार डॉलर, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपायचं, रात्री बस आणि सकाळपासून उन्हात सराव. यांचं म्हणणं होतं की एवढ्या पैशात एखादा समर कोर्स होईल. तुम्ही घरी येऊन ना आग्रह केलात ना उपदेश, फक्त यांना स्प्रेडशीट काढायला लावलीत, फंडरेझिंगचं कसं करतात ते सांगितलंत आणि तुमच्या ओळखीच्या, पूर्वी मार्च केलेल्या बाईंशी आमचं बोलणं करून दिलंत. मुलींच्या सेफ्टीबद्दल जे मला विचारायचं होतं आणि कोणाला विचारावं कळत नव्हतं ते सगळं मी त्यांना विचारलं, त्यांनी टीमला नेमके कुठले प्रश्न लेखी विचारायचे ते सांगितलं. त्यानंतर मला झोप लागली. हे जे इतर आईबाबा वाचतायत त्यांना सांगते, आधी हे प्रश्न विचारा, शोचं कौतुक नंतर.

आता ती परत आलीय, काळी ठिक्कर पडलीय, घरी भांडी लावतानासुद्धा पाय मोजून टाकते आणि मला म्हणते आई तुमच्या ढोलाच्या व्हिडिओत समोरची रांग घाई करतेय. करत होती, खरंच.

पुढच्या ऑगस्टच्या फायनलची तिकिटं मी काढतेय, तुमची आणि काकूंची धरून. वरच्या मजल्यावरची, पन्नास यार्डच्या रेषेजवळची, म्हणजे मैदानाच्या बरोबर मधली, कारण खाली बसलं की ड्रिलचे आकार दिसत नाहीत हे तुम्हीच शिकवलंत. जिने चढायचा त्रास नको म्हणून लिफ्टच्या बाजूची बघतेय. यावेळी बॉस्टन क्रुसेडर्सचं मला काहीतरी विचारायचंय, 1940 पासूनची टीम आणि पहिलं विजेतेपद थेट 2025 ला, ते इतकी वर्षं कसे टिकले ते तुम्ही सविस्तर सांगायचं आहे. डबा मी आणेन, पार्किंगमध्ये खाऊ.

तुमची,
मरिम्बावालीची आई