वायफाय लावायला आलेल्या भाऊंचे मनापासून आभार

नमस्कार भाऊ,

नागपूरच्या महाल भागात दुसऱ्या माळ्यावर तुम्ही वायफाय लावायला आले होते, संत्रा बर्फीच्या डब्यांचे स्टिकर बनवणारी ताई म्हटलं की आठवेल तुम्हाला. राऊटरचं काम झालं होतं, बॅग खांद्यावर होती, आणि जाताजाता माझ्या मॉनिटरवरची पुसट अक्षरं पाहून तुम्ही विचारलं, "ताई, अक्षरं नेहमी अशीच दिसतात का?"

एका दुकानात मला सांगितलं होतं की मॉनिटरचं पॅनल, म्हणजे पडदाच गेला, नवीनच घ्या, आणि मी त्यासाठी पैसे जमवून राहिली होती.

तुम्ही आधी रिझोल्युशन पाहिलं, म्हणजे चित्र आडवे-उभे किती ठिपके मिळून बनतं ते. मॉनिटर १९२० बाय १०८० चा आणि कॉम्प्युटर त्याला देऊन राहिला होता १६०० बाय ९००, म्हणजे सगळं चित्र ताणून बसवलेलं, मग रफार न् अनुस्वार पुसट होणारच ना. ते बरोबर केल्यावर अक्षरं बारीक झाली तर स्केलिंग, म्हणजे अक्षरं न् चिन्हं किती मोठी दाखवायची ते, १२५ टक्के केलं. अक्षर मोठं पाहिजे तर स्केलिंग वाढवा, रिझोल्युशनला हात लावू नका, हे तुमचं वाक्य मी आता भेटेल त्याला सांगते. क्लिअरटाइपचे, म्हणजे विंडोजमधल्या अक्षरं स्वच्छ दाखवायच्या सोयीचे, नमुने मात्र मलाच निवडायला लावले, डोळे तुमचे आहेत म्हणाले.

काळ्या रंगाचं तर मला माहीतच नव्हतं. माझ्याकडे काळा म्हणजे चुलीतल्या राखेसारखा दिसायचा. एचडीएमआयने जोडलं की ग्राफिक्स कार्ड कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजतं आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ च्या जागी १६ ते २३५ एवढंच पाठवतं, मॉनिटर बिचारा त्या १६ ला करडा दाखवतो. आउटपुट रेंज फुल केली आणि काळा एकदम काळा झाला, मी तर पाहतच राहिली!

शार्पनेस कमी करतो म्हटल्यावर मी घाबरली होती, खरं सांगते, वाटलं अजून पुसट होईल. पण तुम्ही करड्या पट्टीवर काळा 'क' मोठा करून दाखवला, त्याच्या भोवती पांढरी किनार होती, ती किनार म्हणजे शार्पनेसचा उगाचचा जोर. ती जाईपर्यंत आकडा खाली आणला आणि अक्षर उलट स्वच्छ झालं.

मग रंग भडक करणारा व्हिव्हिड मोड काढून ठरलेल्या प्रमाणात रंग दाखवणारा एसआरजीबी मोड लावला. व्हिव्हिडमध्ये माझा नारिंगी लालसर भडक दिसायचा म्हणून मी डिझाइनमध्ये तो कमी करायची आणि प्रेसमधून फिक्कट स्टिकर यायचे. ब्राइटनेससाठी स्क्रीनच्या बाजूला कोरा कागद धरला, दोघांचा पांढरा सारखा वाटेपर्यंत कमी केला, आणि दुपारचं ऊन टेबलावर येतं तेव्हा वाढवायला सांगितलं. डोळ्यांनी एवढंच जमतं, पक्कं कॅलिब्रेशन, म्हणजे रंग मोजून बरोबर करणं, पाहिजे तर स्क्रीनवर लावायचं मशीन लागते, आणि स्क्रीन न् शाई शंभर टक्के जुळणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं. मला हे फार आवडलं.

आता प्रूफमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यात, संत्र्याचा रंग संत्र्यासारखा येऊन राहिला आहे. एक रुपया न घेता, तुमचं काम नसताना केलं तुम्ही हे, आणि प्रत्येक गोष्ट का करून राहिले ते समजावून केलं. खूप खूप आभार भाऊ. महालात पुन्हा कॉल निघाला तर वर या, चहा घेतल्याशिवाय जाऊ देणार नाही.

तुमची,
स्टिकरवाली ताई