किल्ली आणि पियानो

महोदय,

जुन्या ब्रिटिश अद्भुत मालिकांना ‘पुठ्ठ्याचे सेट’ म्हणून नाकं मुरडली जातात, ते मला अजिबात पटत नाही. तीस वर्षं मी हौशी नाटकांना ध्वनी दिला. विंगेत पत्रा हलवून ढगांचा गडगडाट केलाय. म्हणून सांगतो, ‘डॉक्टर हू’ मालिकेतली निळी पोलीस-पेटी, म्हणजे नायकाचं कालयान, निघताना होणारी ती घरघर हेडफोन लावून ऐका. बीबीसीचे ध्वनिकार ब्रायन हॉजसन यांनी आईच्या घराची किल्ली जुन्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर ओढली, तो हा आवाज! तारेचे वेढे किल्लीला अडत अडत जातात, ते अंगावर येतं. शीर्षकसंगीतासाठी त्यांच्या सहकारी डेलिया डर्बिशर यांनी ध्वनिफितीचे तुकडे हातानं कापून जोडले. २३ नोव्हेंबर १९६३ला बीबीसीवर आलेल्या पहिल्या भागाचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मलेले, वय अवघं २४. (हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?)

पैसा नव्हता, म्हणून कान आणि कल्पना राबल्या. माझा नातू आजही त्या आवाजाला मांडीवर सरकून बसतो. आपल्या रविवार पुरवणीत या ध्वनिकारांवर सविस्तर लेख यावा, ही विनंती.

— एक निवृत्त ध्वनिसंयोजक, पुणे