शकुंतलेसाठी टाउइनहून पत्र

टाउइन, वेल्स
ऑक्टोबर, रविवार रात्र

प्रिय दिन्या,

तुझ्या मेलमध्ये तीनच ओळी होत्या. तिकडचे लोक जुनी रेल्वे चालवतात ती कशी? पैसा कुठून येतो? आणि आपल्या वऱ्हाडातल्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचं असं काही जमेल का? फोनवर सांगायला घेतलं असतं तर दुसऱ्याच मिनिटाला तू "अबे, पण सरकार..." सुरू केलं असतंस. म्हणून पत्र लिहितोय. यात तुला मध्ये बोलता येत नाही.

शनिवार-रविवार मी इथे असतो. बर्मिंगहॅमहून गाडीत बसलं की तीनेक तासांत समुद्रकाठचं हे गाव येतं. मोठ्या स्टेशनातून चालत थोडं पुढे गेलं की आमचं छोटं स्टेशन, वॉर्फ. इथून टालिलिन रेल्वे सुटते आणि डोंगरात नांत ग्वेर्नोलपर्यंत जाते. अख्खी लाईन सव्वासात मैल, म्हणजे बारा किलोमीटरसुद्धा नाही. रुळांमधलं अंतर दोन फूट तीन इंच. आपली शकुंतला अडीच फुटांची, म्हणजे ती हिच्यापेक्षा धिप्पाडच म्हणायची.

दोघींची जन्मकथा मात्र सारखी आहे. शकुंतला वऱ्हाडच्या कापसासाठी आली, तशी ही १८६५ साली स्लेटसाठी आली. वर ब्रिन एग्लुइसच्या खाणीतून घरांच्या छपरांवर घालायच्या स्लेटच्या पाट्या निघायच्या, त्या खाली आणायच्या. माणसं काय, वाटेत बसली तर बसली. घाईघाईत बांधलेली लाईन. १८६६ ला सरकारी निरीक्षक तपासायला आला तर पुलांखालून डबा जेमतेम जातोय, दार उघडलं तर थेट कमानीवर आदळेल अशी गत. पूल कोण पाडतो! डब्यांची एका बाजूची दारं कायमची बंद केली आणि पुलाखाली रूळ थोडे एका अंगाला सरकवले. आजही आमच्या डब्यांना एकाच बाजूला दारं आहेत. त्या वेळचे चार डबे आणि गार्डचा डबा अजून गाडीला लागतात. असला जुगाड फक्त आपल्याकडे होतो असं आपण उगीच म्हणतो.

पुढे १९११ साली खाण आणि रेल्वे इथल्या खासदाराने, सर हेन्री हेडन जोन्स यांनी, विकत घेतली. म्हाताऱ्याचा शब्द होता, मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल. १९४६ च्या डिसेंबरात खाण आतून ढासळली आणि बंद झाली. तरी हा आपला खिशातून घालून उन्हाळ्यात गाडी चालवतोय. १९४८ ला देशातल्या रेल्वे सरकारने ताब्यात घेतल्या, पण ही इतकी किरकोळ की यादीत तिचं नावच नव्हतं. माझ्या मते तिथेच ती वाचली. यादीत असती तर दोन-तीन वर्षांत एखाद्या साहेबाने सही करून बंद केली असती.

१९५० च्या जुलैत जोन्स गेले. त्याच ऑक्टोबरात टॉम रोल्ट नावाच्या इंजिनिअर-लेखकाने बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा बोलावली. सत्तरेक लोक जमले. पगार न घेता, हौशी लोकांनी एक सार्वजनिक रेल्वे चालवायची, असं जगात तोवर कुणी केलं नव्हतं. आणि आता नीट वाच, कारण तुझ्या कामाची गोष्ट इथे आहे. रूळ दुरुस्त करण्याआधी त्यांनी कागद दुरुस्त केला. जोन्सबाईंशी, म्हणजे जोन्स यांच्या पत्नीशी, बोलणी केली, मालकीचे शेअर्स एका नव्या कंपनीत आले, हौशी लोकांची संस्था वेगळी, कंपनी वेगळी, दोघांची माणसं संचालक मंडळावर. ते झाल्यावर १४ मे १९५१ ला पहिली गाडी सुटली, तीही लाईनच्या सुरुवातीच्या तुकड्यावरच.

तेव्हा चालू स्थितीत एकच इंजिन होतं, डोलगोख, १८६६ चं. शेजारची कॉरिस रेल्वे १९४८ ला बंद पडली होती, योगायोगाने तिचंही माप दोन फूट तीन इंच. तिची दोन इंजिनं ताडपत्रीखाली पडून होती, ती पंचवीस-पंचवीस पौंडांना मिळाली. आणली खरी, पण इथले रूळ जागोजागी इतके फाकलेले की त्यातलं एक सारखं रुळांच्या मधेच उतरून बसायचं. गवताच्या मुळांनी रूळ धरून ठेवलेत असं तेव्हाचे लोक म्हणायचे, आणि ती चेष्टा नव्हती. दुसरं इंजिन १९२१ चं. मँचेस्टरहून शकुंतलेला आलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिनही १९२१ चंच. आमचं अजून कामावर आहे, आपलं १९९४ ला उतरवलं.

आता रोजचं काम. लोकांना वाटतं, वाफेचं इंजिन म्हणजे शिट्टी, धूर आणि फोटो. गाडी साडेदहाला असेल तर पेंद्रेच्या इंजिन-शेडमध्ये पहाटेच माणूस लागतो. आधी बॉयलरमधलं पाणी बघायचं, काचेच्या नळीत. पाणी दिसल्याशिवाय काडी ओढायची नाही, हा पहिला धडा आणि शेवटचाही. मग कालची राख काढायची, जळून घट्ट झालेले खडे सळईने फोडून बाहेर ओढायचे, धुराड्याखालची पुढची पेटी उघडून काजळी फावड्याने काढायची. त्यानंतर रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या, लाकडं, आणि हळूहळू कोळसा. इथे घाई चालत नाही. एकदम तापवलं तर लोखंड कुठे जास्त फुगतं, कुठे कमी, आणि सांधे गळायला लागतात. म्हणून तीन-चार तास धीराने वाफ चढवायची. तोवर तेलाची झारी घेऊन इंजिनाखाली शिरायचं आणि एकेक सांधा शोधून तेल घालायचं. आमच्याकडे पोरं याच कामापासून सुरुवात करतात. आधी पुसणं, मग फायरमन, मग ड्रायव्हर, आणि मध्ये वर्षं जातात, परीक्षा होतात. लंडनला मोठ्या कंपनीत डायरेक्टर असलेला माणूस इथे सतरा वर्षांच्या पोरीकडून "तो कोपरा राहिला" असं ऐकून घेतो. फुकट काम करतो म्हणून नियमात सूट नाही. सरकारी रेल्वे-सुरक्षा खात्याची नजर आमच्यावरही असते. बॉयलर दरवर्षी तपासला जातो, आणि साधारण दहा वर्षांनी इंजिन पार सुटं करून बघावं लागतं.

माझं काम जास्त करून ब्रिनग्लास स्टेशनच्या सिग्नल केबिनमध्ये. केबिन कसली, खोपटंच. तीन-चार माणसं उभी राहिली की भरलं. लाईन एकेरी, गाड्या क्रॉस होतात त्या मोजक्या जागी, त्यातली ही एक. दोन केबिनमध्ये जोडीची यंत्रं आहेत, विजेच्या तारेने जोडलेली, आणि त्यांत धातूच्या लांब किल्ल्या, म्हणजेच टोकन. पलीकडच्याने घंटी देऊन होकार दिला तरच माझ्याकडची किल्ली निघते. ती एकदा निघाली की दोन्ही यंत्रं कुलूपबंद, दुसरी किल्ली कुठूनच निघणार नाही. ती किल्ली हातात असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. मी केबिनबाहेर उभा राहतो, गाडी हळू होते, इकडची किल्ली घेतो, पुढची देतो, रजिस्टरमध्ये वेळ लिहितो. की परत एक तास मेंढ्या आणि पाऊस. काकांना हे वाचून दाखव. मूर्तिजापूरला त्यांनी आयुष्यभर टोकनचं काम केलं, त्यांना मेंढ्या सोडून सगळं ओळखीचं वाटेल.

पण लेका, केबिन आणि इंजिन ही झाली मजेची कामं. त्यांना माणसं मिळतात, रांग असते. रेल्वे खरी चालते ती फेब्रुवारीतल्या कामावर. गाड्या बंद, अंगावर येणारा समुद्री वारा, आणि आम्ही आठ-दहा जण कुजलेले स्लीपर उपटतोय. खडी उकरायची, जुना स्लीपर बाजूने ओढून काढायचा, नवा सरकवायचा, पहारीने रूळ उचलून धरायचा आणि खडी परत ठोकून बसवायची. कुठे गटार तुंबलंय, कुठे काटेरी झुडूप रुळावर आलंय. वेल्समध्ये पाऊस इतका की झाडी कापून मागे वळेपर्यंत पुढची वाढलेली. या कामाला येणाऱ्यांत एक निवृत्त गणिताचे मास्तर आहेत. त्यांना मी इंजिनात चढलेलं कधी पाहिलं नाही. विचारलं तर म्हणाले, मला गटारं आवडतात. अशी दहा माणसं तुला मिळाली तर शकुंतलेचं बोलू. फेसबुकवर "आमची शकुंतला" म्हणून रडणारे दहा हजार मिळतील, त्यांचा उपयोग वर्गणीपुरता.

पैशाचं विचारलंस. तिकिटावर भागत नाही. सभासदांची वर्गणी, देणग्या, मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमा, चहा-केकचं दुकान, ठरावीक कामांसाठी मिळणारी अनुदानं, असं मिळून चालतं. थोडी पगारी माणसंही आहेत, कारण रोजची कार्यशाळा आणि हिशेब हौसेवर सोडता येत नाहीत. केकच्या दुकानाला हसू नको. पाऊस लागला की लोक गाडीत कमी आणि दुकानात जास्त. २०२१ साली इथल्या स्लेटच्या मुलखाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, त्यात आमची लाईनही आली. कौतुक झालं. कोळशाचं बिल मात्र तेवढंच.

कोळशाचं तर वेगळंच रामायण. वेल्स म्हणजे कोळशाचं माहेर, पण २०२३ च्या शेवटी इथली फॉस-इ-फ्रानची मोठी उघडी खाण बंद झाली. आता या देशातल्या जुन्या रेल्वेंना बाहेरून कोळसा आणावा लागतो, नाहीतर भुकटी दाबून केलेल्या विटा जाळून बघाव्या लागतात. ड्रायव्हर लोक त्या विटांवरून जेवढं भांडतात तेवढं राजकारणावरून भांडत नाहीत.

तर आता शकुंतला. मनातलं स्पष्ट सांगतो, रागावू नको. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६, एवढी लाईन हौशी लोकांना झेपणार नाही. कुणी झेपेल म्हणालं तर त्याला फेब्रुवारीत इकडे पाठव. दुसरं म्हणजे इथे १९५० मध्ये गाडी बंद झाली तरी गावाचं फारसं अडणार नव्हतं. आपल्याकडे शकुंतला गरिबाची गाडी होती, तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त. तिथल्या माणसाला ब्रॉडगेज हवी आहे आणि ती मिळायलाच पाहिजे. दर्यापूरच्या बाईला दवाखान्यात जायचंय, तिच्यापुढे आपण वाफेची शिट्टी घेऊन उभे राहिलो तर ती जोडा मारेल, आणि बरोबर करेल. म्हणून ब्रॉडगेजच्या मागणीला आडवं जाऊ नको. त्या आंदोलनातली माणसं तोडलीस तर तुला गावात कुणी उभं करणार नाही.

पण एक टोक राखता येईल असं मला वाटतं. अचलपूर ते पथ्रोट, किंवा त्याहूनही कमी. का? चिखलदऱ्याला जाणारा माणूस बहुतेक अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्यावरून जातो. पावसाळ्यात तिथे गाड्यांची रांग लागते हे तू मला दरवर्षी ऐकवतोस. त्या रांगेतली थोडी माणसं तासभर अचलपूर स्टेशनावर थांबली तरी पुरे. उन्हाळ्यात बंद ठेवायचं, ४५ डिग्रीत भट्टीसमोर कुणाला उभं करणार! आधी इंजिनाचा नाद सोड, स्टेशन धर. छप्पर, फलक, तिकिटाची खिडकी, काकांच्या वेळची रजिस्टरं. लोकांना बघायला काहीतरी उभं राहिलं की मग ट्रॉली, मग डिझेल, आणि वाफ सगळ्यात शेवटी. टालिलिननेही सुरुवातीला लाईनचा एक तुकडाच चालवला होता ना.

आणि सगळ्याच्या आधी कागद. जमीन कुणाच्या नावावर, रूळ कुणाचे, किलिक-निक्सन या लाईनच्या जुन्या ब्रिटिश कंपनीशी झालेल्या कराराचं पुढे काय झालं, हे एखाद्या चांगल्या वकिलाकडून लिहून घे. इथे त्यांना एक जोन्सबाई भेटल्या, ज्यांना रेल्वे चालावी असं वाटत होतं. आपल्याकडे त्या जागी एक कंपनी आहे आणि एक मंत्रालय. त्यामुळे तुला चिकाटी जास्त लागेल, आणि भाषणं कमी केलीस तर बरं.

मी जानेवारीत येतोय. तोवर दोन कामं कर. एक, लाईनवर नोकरी केलेले जे कुणी हयात आहेत त्यांची यादी, पत्त्यांसह. गँगमन, पॉइंट्समन, फायरमन, सगळे. काकांपासून सुरू कर आणि त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेव. त्या इंजिनाला पाणी कुठे भरायचे, कोळसा कसा पेटायचा, कुठल्या चढावर गाडी अडायची, हे कुठल्याही फाइलमध्ये सापडणार नाही. दुसरं, अचलपूर स्टेशनचे आजचे फोटो, सगळ्या बाजूंनी, आणि प्लीज, त्यात तू नको.

वहिनींना नमस्कार सांग. काकांची तब्येत कळव.

तुझा,
विन्या

ता. क. दर ऑगस्टात इथे गाडीशी शर्यत लागते. माणसं शेतांतून, चिखलातून धावतात, गाडी शेजारून जाते, आणि बरेच जण तिला हरवतात. तू म्हणायचास ना, शकुंतलेतून उतरून, शेतात जाऊन परत चढता यायचं, तसलाच प्रकार, फक्त इथे त्याची फी घेतात. पथ्रोटसाठी ही कल्पना लिहून ठेव.