गाळ्यासाठी एफडी मोडू नका

सातारा

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, तुझ्या वकिलीच्या ऑफिससाठी कोर्टाजवळ एक गाळा बघून ठेवलाय, टोकन तेवढं द्यायचं राहिलंय, आणि त्यासाठी निवृत्तीच्या पैशातली एफडी मोडायचीय. मी नुसतं "नको" म्हटलं. बाबा, ते तुम्हाला लागलं असणार. कोर्टाच्या आवारात उभं राहून एवढा मोठा विषय बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. आईला वाचून दाखवा.

स्वतःची जागा नाही म्हणून हिच्याकडे पक्षकार येत नाहीत, असं तुम्हाला वाटतंय. तसं नाहीये. पक्षकार येतात. पैसे कसे येतात, ते मात्र मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. तुम्ही जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंत, महिना संपला की पगार जमा. त्यामुळे "महिन्याला किती सुटतात?" हा तुमचा प्रश्न साहजिक आहे. एकट्यानं प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला त्याचं उत्तर वर्षाच्या हिशोबानंच देता येतं. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी, दिवाळीत सुट्टी, तेव्हा जवळजवळ काहीच येत नाही. उसाचं बिल जमा झालं की राहिलेली फी येते. आल्याला भाव मिळाला की कोरेगाव-खटावकडचे पक्षकार आपणहून येऊन देऊन जातात. आपल्या भागातला माणूस उशीर करतो, पण सहसा बुडवत नाही, हा माझा अनुभव आहे.

खरी अडचण वाटणीच्या दाव्यांची. आपल्या जिल्ह्यात दिवाणी काम म्हणजे मुख्यतः जमीन: वाटणी, बांध, वहिवाटीचा रस्ता, फेरफार. असा दावा दाखल करताना पक्षकाराच्या हातात पैसे असतात, कारण तो भांडणाच्या भरात असतो. निशाणी ५ चा, म्हणजे दावा चालू असेपर्यंत समोरच्याला रोखण्याचा, मनाई अर्ज चालेपर्यंत त्याचं लक्षही असतं. पुढे कैफियत (समोरच्याचं लेखी उत्तर), मुद्दे, पुरावा, उलटतपास यांत वर्षांमागून वर्षं जातात. बहुतेक वकील सगळी फी सुरुवातीलाच ठरवून घेतात. मग पाचव्या-सहाव्या वर्षी, सगळ्यात जड काम असतं तेव्हा, त्या फाईलमधून एक रुपयाही येत नाही. जुन्या फाईली दिवस खातात आणि घर चालवायला नवीन कामं धरावी लागतात, मग जुन्यांच्या तारखा पुढे ढकलल्या जातात. चांगले, हुशार वकील या चक्रात थकलेले मी पाहिलेत. म्हणून मी स्वतंत्र झाल्यापासून टप्प्याटप्प्यानं फी घेते: वकीलपत्राला थोडी, मनाई अर्जाला थोडी, पुराव्याला आणि युक्तिवादाला वेगळी. पावती देते. काही पक्षकार यामुळे परत गेले. जे राहिले, त्यांचं काम मी शेवटपर्यंत मन लावून करू शकते.

बाबा, आपल्या पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत माझ्या नावाचा फ्लेक्स लावू या, असं तुम्ही मागे सुचवलं होतं. वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमानं बंदी आहे. फ्लेक्स नाही, पेपरात नाही, मोबाईलवरही नाही. नावाची साधी पाटी चालते, तीही अवाजवी मोठी नको. अपघाताच्या दाव्यात मिळालेल्या भरपाईतला हिस्सा फी म्हणून ठरवून घ्यायलाही बंदी आहे. पुणे-बेंगळुरू हायवे जिल्ह्यातून जातो, त्यामुळे असे दावे येत राहतात, आणि "मॅडम, मिळतील त्यातले चार आणे तुमचे" असं लोक सरळ म्हणतात. मी नाही म्हणते आणि फी आधी सांगते. मला हा नियम पटतो. ज्या बाईचा नवरा रस्त्यावर गेला, तिच्या पैशात मी भागीदार का व्हावं? पण जाहिरात नाही आणि हिस्सा नाही म्हटल्यावर काम वाढतं ते फक्त माणसानं माणसाला सांगून. एक दावा निघाला की त्याच भावकीतले दुसरे दोघं विचारत येतात. या वाढीला वर्षं लागतात, आणि गाळा घेतल्यानं ती वर्षं कमी होत नाहीत.

रोजचा खर्च ज्यावर चालतो ती कामं वेगळी आहेत. बँकेसाठी जमिनीचे सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासून दिलेला अहवाल), पतसंस्थांचे सहकार कायद्याच्या कलम १०१ चे थकबाकी वसुली दाखले, चेक न वटल्याचे खटले. हे काम रुक्ष आहे, पण पैसे वेळेवर येतात. घटस्फोट आणि पोटगीची कामं माझ्याकडे आपोआप येतात, कारण बाई वकील म्हणजे तेवढंच करणार असं लोकांनी धरलेलं असतं. ती मी करते आणि त्या बायकांविषयी मला आस्था आहे. पण मला जमिनीचीच कामं मुख्य करायची आहेत. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत लेकाइतकाच हिस्सा दिला. वडील त्या दुरुस्तीच्या वेळी हयात नसले तरी तो हक्क राहतो, हे सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. तरीही हक्कसोडपत्रावर सही घ्यायला बहिणींना बोलावतात आणि त्यात काय लिहिलंय हे कोणी वाचून दाखवत नाही. तिथे कोणीतरी वाचून दाखवणारी हवी.

आता पुढचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं न्यायपीठ, सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. चार दशकं इथल्या वकिलांनी त्यासाठी आंदोलनं केली. माझ्यासारखीला याचा अर्थ काय, तर आधी जिल्हा कोर्टात अपील संपलं की फाईल मुंबईच्या वकिलाकडे जायची. पक्षकार जायचा, फी जायची आणि शिकायची संधीही जायची. आता सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला जाऊन रात्री परत येता येतं. हायकोर्टातलं दुसरं अपील नुसत्या तथ्यांवर चालत नाही, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. त्याचा मसुदा करणं ही वेगळीच विद्या आहे, आणि मी सध्या तीच शिकतेय. पुढच्या काही वर्षांत माझं निम्मं काम तिकडे गेलं तर साताऱ्यातला गाळा कुलूप लावून ठेवायचा का? आत्ता तिघीजणी मिळून जी भाड्याची जागा घेतलीय, ती पुरते. दाखल करणंही आता बरंचसं ई-फायलिंगनं होतं. लॅपटॉप आणि चांगला स्कॅनर महत्त्वाचा, तो माझ्याकडे आहे.

जज्जच्या परीक्षेचं आईनं विचारलं होतं. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट पुन्हा घातली, ती मी पूर्ण केलीय. पण मला बाजू मांडायला आवडतं, निकाल द्यायला नाही. हा निर्णय पक्का आहे. नोटरीसाठी महिला वकिलाला ७ वर्षांची प्रॅक्टिस लागते, तेवढी झाली की अर्ज करीन.

मोठ्या वकिलाच्या हाताखाली ज्युनिअर असतानाचं मात्र मी विसरणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनिअरला शहरात महिन्याला किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. आजही अनेक ज्युनिअरना गाडीच्या पेट्रोलपुरतेच पैसे मिळतात. ज्या घराला शिकलेल्या मुलीला आणखी तीन-चार वर्षं सांभाळणं परवडत नाही, त्या घरातली मुलगी या धंद्यात टिकत नाही, आणि हे फार वाईट आहे. मी टिकले, कारण तुम्ही पेन्शनमधून पाठवत राहिलात. आई, तू बांगड्यांचं काय केलंस ते मला दादाकडून कळलंय. तेवढं पुरे झालं. यापुढे तुमच्याकडून घ्यायचं नाही, हे मी ठरवलंय.

वकिलाला पीएफ नाही, पेन्शन नाही, आजारी पडलं तर भरपगारी रजा नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणून मी पीपीएफ उघडलाय, दरवर्षी रिटर्न भरते, आरोग्य विमा घेतलाय, आणि सुट्टीच्या महिन्यांसाठी वेगळं खातं ठेवलंय. चांगल्या महिन्यात त्यात टाकते, मे महिन्यात त्यातून काढते.

बाबा, गाळेवाल्याला नाही म्हणून कळवा. एफडीची मुदत संपली की पैसे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवू. पाच वर्षांची आहे, दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात येतं. खातं आईच्या नावाबरोबर संयुक्त करू. मी रविवारी पुसेगावला येतेय, फॉर्म घेऊनच येते. दोघांचे फोटो आणि आधार-पॅनच्या झेरॉक्स तेवढ्या काढून ठेवा. आईच्या डोळ्यांच्या तपासणीची वेळही मी घेतलीय, त्यासाठी येताना तिला साताऱ्याला घेऊन येईन.

तुमची लेक