मधल्या भिंतीबद्दल

मिल्ड्युरा,
रविवार, रात्री अकरा

प्रिय सुऱ्या,

आठ महिने झाले. फोन नाही, पत्र नाही, तुझ्या गुड मॉर्निंगच्या गुलाबांना नुसता अंगठा. विज्या मेला किंवा शहाणा झाला, असं तुला वाटलं असेल. दोन्ही नाही. बीपी गोळीवर आहे, गुडघा कुरकुरतो, सुमा ठणठणीत. संपलं तब्येतीचं.

आत्ता मी कॅरव्हॅनच्या पायरीवर बसून संत्री खातोय. सातवं चालू आहे. उद्या साउथ ऑस्ट्रेलियात शिरायचं, आणि हद्दीजवळ यांबाच्या नाक्यावर फळमाशी नको म्हणून सगळी फळं काढून घेतात. मिल्ड्युरा म्हणजे संत्र्या-द्राक्षांचं गाव. चॅफी नावाच्या दोघा भावांनी १८८७ पासून मरे नदीचं पाणी इथल्या कोरड्या रानात फिरवलं, त्यावर हे सगळं उभं आहे. बेदाण्याचे ढीग बघून मला थेट तासगाव आठवलं. सुमानं अख्खी जाळी संत्री घेतली आणि आता म्हणते, टाकायची नाहीत. तुला आमच्या घरचा कायदा माहीत आहेच.

हो, कॅरव्हॅन घेतली. जुनी, अठरा फुटी. रिटायर झालो की नदीकाठानं जायचं, असं ठरवलं होतं ना, ते असं झालं. म्हणजे ठरवलं होतं आपण दोघांनी, वाईपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत, सायकलवर. आणि ऐनवेळी मी पाय मागे घेतला. पंचवीस वेळा ऐकवलंयस, सव्विसाव्यांदा नको. ही मरे अडीच हजार किलोमीटरची नदी, आपल्या कृष्णेपेक्षा कितीतरी लांब, पण घाई म्हणून नाही. दिवसाला ऐंशी-शंभर किलोमीटर जायचं, गाव आलं की थांबायचं. एक बेकरी, एक पब, एक पोस्ट, नदीला उतरायला एक घसरण. सगळी म्हातारी मंडळी अशीच फिरतात इथं. संध्याकाळी नव्या माणसानं कॅरव्हॅन मागे घ्यायला सुरुवात केली की शेजारचे खुर्च्या बाहेर मांडून बघतात. मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं असतं. सुमा मागे उभी राहून हात करते आणि ‘डावीकडं’ म्हणते. तिची डावी की माझी, यावर आमचं इचुकाला पूर्ण रीतीनं भांडण झालं, नळाचा एक खांब वाकला, आणि टाळ्या पडल्या.

तर इचुका. मुद्द्यावर येतो. येतोय, दम धर.

इचुका म्हणजे पाणी भेटतात ती जागा, असा तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतला अर्थ. कॅम्पास्पी आणि गोलबर्न या नद्या तिथं जवळपास मरेला मिळतात. एके काळी मोठं नदीबंदर होतं ते. लोकरीचे गठ्ठे वाफेच्या चाकबोटीतून यायचे आणि तिथून रेल्वेनं मेलबर्नला जायचे. धक्का रेड गम लाकडाचा, मजल्यांवर मजले, कारण पाणी आज इथं तर पावसाळ्यात पार वर. १८६६ सालची ‘अॅडलेड’ बोट अजून चालते. तिची शिट्टी ऐकून मला आपल्या सांगलीचा सरकारी घाट आठवला, का ते विचारू नकोस, तिथं कधी बोट शिट्टी मारत नव्हती.

त्याच दिवशी सकाळी मी इचुकाच्या पोस्टात जाऊन दादाला एक पाकीट पाठवलं होतं.

सुऱ्या, त्यात कुलमुखत्यारपत्र होतं. वकिलातीत जाऊन शिक्के मारून आणलेलं. गावभागातलं घर दादा विकतोय. बिल्डर ठरलाय. मी सही केली. तुला सांगितलं नाही.

आता शिव्या देऊन घे. झालं? पुढं वाच.

संध्याकाळी शेजारच्या कॅरव्हॅनमधला एक गडी बिअर घेऊन आला. सत्तरीचा, इचुकाचाच. म्हटलं, स्वतःच्याच गावात कॅरव्हॅन पार्कात का राहतोस? तर म्हणाला, घर अजून नीट झालेलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर आला तेव्हा गाव वाचवायला त्यांनी रातोरात मातीचा बांध घातला, अडीच-तीन किलोमीटरचा, गावाच्या मधून, रस्त्यांवरून. बांधाच्या अलीकडं गाव, पलीकडं नदी आणि उरलेली घरं. याचं घर पलीकडं. समोरचा त्याचा जुना दोस्त अलीकडं. सकाळी दोघांनी मिळून याच्याच दारात वाळूची पोती भरली होती, आणि दोस्ताला तेव्हा बांध कुठून जाणार ते ठाऊक होतं.

‘पाण्याचं काही नाही,’ म्हणाला, ‘पाणी येतंच. पोतं धरून उभा होता, तेव्हा बोलला असता.’

मी आत जाऊन झोपलो. म्हणजे पडलो. सुमा विचारत होती काय झालं, म्हटलं, गुडघा.

२०१९ ला आयर्विन पुलावर ५७ फुटांच्या वर पाणी गेलं, तेव्हा मी इथून फोनवर सांगत होतो, वरच्या मजल्यावर जा. तू म्हणालास, तिकडनं मला हवामान सांगू नको. त्यावरून दोन वर्षं आपण धड बोललो नाही. पण त्याच दिवशी माझ्या आईचं शिवणयंत्र तू खांद्यावर टाकून आमच्या माडीवर नेलंस, हे मला तू नाही, पम्यानं सांगितलं. तुझा फ्रीज खालीच राहिला. आणि मी सही करताना हे मला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि केली. दादाला पैसे पाहिजेत, त्याचं खरं आहे. घर बंद, वाळवी लागलीय, तेही खरं. पण तुला न सांगण्याचं काय कारण, ते मी चार गावं झाली शोधतोय. स्वान हिलला त्या राक्षसी कॉड माशाच्या पुतळ्यासमोर उभा राहून शोधलं. सापडलं नाही.

आणि घोर लागलाय तो आपल्या दोन घरांमधल्या भिंतीचा. ती कुणाची रे? आबा म्हणायचे आमची, तुझे अण्णा म्हणायचे सामाईक, आणि दोघांनी मिळून दर उन्हाळ्यात लिंपायची. इथं मरेचं गंमतीशीर आहे. अख्खी नदी पलीकडच्या न्यू साउथ वेल्स राज्याची, अलीकडच्या व्हिक्टोरियाची हद्द दक्षिण काठाच्या माथ्यावर संपते. व्हिक्टोरियाच्या काठावर बसून गळ टाकला तरी परवाना पलीकडच्यांचा लागतो. पण ते कुठंतरी कागदावर आहे. आपलं काय आहे? तुझ्या माडीच्या तुळया माझ्या भिंतीत शिरल्यात. बिल्डरनं आमची बाजू पाडली तर तुझी माडी कशावर उभी राहणार? दादा म्हणतो, ते लोक बघतील. ते लोक काय बघतात ते तू आणि मी पेठेत बघितलंय.

परवा वेंटवर्थला गेलो. तिथं डार्लिंग मरेला मिळते. एकीचं पाणी गढूळ, दुधी, दुसरीचं हिरवट. काही अंतर दोन्ही रंग शेजारी शेजारी वाहतात. हरिपूरच्या संगमावर तू कृष्णेच्या बाजूला आणि मी वारणेच्या बाजूला उभं राहून शर्यत लावायचो, ती तूच हरायचास. (लिहूनच ठेवतो.) गावात एका खांबावर राखाडी फर्ग्युसन ट्रॅक्टर उभा केलाय. १९५६ च्या महापुरात शेतकऱ्यांनी तसले ट्रॅक्टर आणून गावाभोवती बांध घातला आणि गाव वाचलं. मी त्या ट्रॅक्टरचे सहा फोटो काढले. सुमा म्हणाली, तुला ट्रॅक्टर कधीपासून आवडायला लागले?

बाकी, मनूचं लग्न ठरल्याचं कळलं, फार बरं वाटलं. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? काकूंना नमस्कार.

काम सांगतो. टेप घे आणि मधली भिंत मोज. तुळया किती, कुठल्या उंचीवर, किती आत शिरल्यात, सगळं कागदावर मांड आणि फोटो पाठव. तू खिळ्यानं मारलेल्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या खुणा पण फोटोत येऊ देत. दादाला मी आज रात्री लिहितोय की भिंतीचा करार तुझ्याबरोबर लेखी झाल्याशिवाय कागद वापरायचा नाही. नाही ऐकलं तर मुखत्यारपत्र रद्द करता येतं, मी विचारून घेतलंय. दादा ओरडेल. ओरडू दे.

किल्ली तुझ्याकडंच राहू दे. शिवणयंत्र कुणाला उचलू देऊ नकोस.

आणि शिव्या फोनवर दे, व्हॉट्सॲपवर नको. सुमा वाचते.

तुझा,
विज्या